शपथेवरचे खोटे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातील तालुक्यांतून या सदराकडे आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते : समोरच्याने शपथेवर धडधडीत खोटे सांगितले, सर्वांना ते कळले, आणि त्याचे पुढे काहीच झाले नाही. ही तक्रार खरी आहे आणि तिच्यामागचा संतापही रास्त आहे. म्हणून या अंकात याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे कलमे नव्या कायद्यांची दिली आहेत. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला शिक्षा मात्र जुन्या भारतीय दंड संहितेप्रमाणेच होते.

प्रश्न : आमचे माहेर निफाड तालुक्यात आहे. वडील वारल्यानंतर दोन्ही भावांनी प्रतिज्ञापत्र दिले की, वडिलांना आई आणि ते दोघे एवढेच वारस आहेत. आम्हा दोघी बहिणींची नावेच त्यात नाहीत. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्याला त्यांची नावे लागली आणि आता द्राक्षबागेचा काही भाग विकण्याची बोलणी चालू आहेत. पोलिसांकडे गेलो तर त्यांनी तक्रार घेतली नाही. भावांना शिक्षा होऊ शकते का? (एक वाचक भगिनी)

उत्तर : होऊ शकते, परंतु शिक्षेच्या आधी आपल्याला जमीन वाचवायची आहे. म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

शपथेने किंवा कायद्याने खरे सांगण्यास बांधलेली व्यक्ती एखादे विधान खोटे आहे हे माहीत असताना, ते खोटे आहे असे स्वतःला वाटत असताना, किंवा ते खरे आहे असा विश्वास नसताना करते, तेव्हा तो न्याय संहितेच्या कलम २२७ प्रमाणे खोटा पुरावा देण्याचा गुन्हा होतो. जुन्या संहितेत हेच कलम १९१ होते. शिक्षा कलम २२९ मध्ये आहे : न्यायिक कार्यवाहीत खोटा पुरावा दिला तर सात वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अन्य प्रसंगी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजार रुपयांपर्यंत दंड. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार महसूल अधिकाऱ्यासमोरची औपचारिक किंवा संक्षिप्त चौकशी या कामापुरती न्यायिक कार्यवाही मानली जाते. त्यामुळे ‘कोर्टात कुठे, तलाठ्याकडेच तर कागद दिला’ हा बचाव पुरेसा नाही.

आता आपल्या भावांनी दिलेल्या कागदाकडे पाहू. अशा प्रतिज्ञापत्रासोबत वंशावळ जोडलेली असते. मयताच्या नावाखाली रेघ ओढून पत्नीचे आणि मुलांचे नाव लिहिलेले असते आणि खाली एक वाक्य हमखास असते : ‘वरील व्यक्तींव्यतिरिक्त मयतास अन्य कोणीही वारस नाहीत.’ आपल्या प्रकरणाचा सगळा भार या एका वाक्यावर आहे. बहिणीचे लग्न झाले, लग्नात खर्च केला, ती हिस्सा मागणार नाही असे वाटले, या सबबी त्या वाक्याला खरे करीत नाहीत, कारण ते वाक्य वारस कोण आहेत हे सांगते, हिस्सा कोणी घ्यावा हे सांगत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मुलगी ही मुलाइतकीच पहिल्या वर्गातील वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत तिला २००५ च्या दुरुस्तीने जन्मतःच हक्क मिळाला आणि वडील ती दुरुस्ती लागू होण्यापूर्वी वारले असले तरी हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. बहिणी हयात आहेत हे भावांना ठाऊक नव्हते असे कोणीही म्हणू शकणार नाही.

असे असताना पोलिसांनी तक्रार का घेतली नाही? येथे पोलिसांचे सर्वस्वी चुकले असे मला म्हणता येत नाही. न्यायालयीन कार्यवाहीच्या संदर्भात खोटा पुरावा दिल्याचा खटला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ प्रमाणे केवळ त्या न्यायालयाच्या लेखी तक्रारीवरच दाखल होतो, आणि न्यायालय या शब्दात महसुली न्यायालयही येते. हे बंधन मुद्दाम घातलेले आहे. ते नसते तर दावा हरलेला प्रत्येक पक्षकार जिंकणाऱ्यावर आणि त्याच्या साक्षीदारांवर खोट्या साक्षीची फिर्याद ठोकून मोकळा झाला असता. मात्र खोट्या सहीचे हक्कसोडपत्र बाहेर तयार करून नंतर दाखल केले असेल, तर त्याची फिर्याद पोलिसांना घ्यावी लागते. बनावट दस्त न्यायालयाच्या ताब्यात येण्यापूर्वी तयार झाला असेल तर हे बंधन लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये इक्बालसिंग मारवाह खटल्यात ठरवले आहे. आपल्या नावाने असे काही झाले आहे का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घेऊन पाहावे.

खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ प्रमाणे संबंधित न्यायालयाकडे अर्ज करायचा असतो. गुन्हा झाल्याचे सकृद्दर्शनी दिसते का आणि न्यायाच्या हितासाठी चौकशी करणे उचित आहे का, या दोन्ही गोष्टी न्यायालय तपासते, तसा निष्कर्ष नोंदवते आणि मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे स्वतः तक्रार पाठवते. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. खोटे जाणूनबुजून केलेले दिसत असेल आणि दोषसिद्धीची वाजवी शक्यता असेल तरच असा खटला भरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये छाजूराम खटल्यात सांगितले आणि आजही न्यायालये तोच दंडक लावतात. न्यायालयाने अर्ज फेटाळला तर कलम ३८० प्रमाणे वरच्या न्यायालयात अपील करता येते.

आपल्या प्रकरणात एक अडचण मी लपवून ठेवणार नाही. वारस नोंद कोणाच्याही हरकतीशिवाय मंजूर झाली असेल तर मंडळ अधिकाऱ्यासमोर खऱ्या अर्थाने चौकशी झाली का, यावर भावांचे वकील वाद घालतील आणि तो वाद वर्षानुवर्षे चालू शकेल. तोवर बाग विकली गेली तर भावांना झालेली शिक्षा आपल्या काय उपयोगाची? म्हणून क्रम असा ठेवावा. फेरफाराची, वारस नोंदवहीची (गाव नमुना ६-क) आणि मूळ प्रतिज्ञापत्राची प्रमाणित प्रत लगेच मागून घ्यावी. फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करण्याची मुदत साठ दिवसांची आहे. ती उलटली असल्यास आपणांस नोटीस मिळाली नव्हती हे नमूद करून विलंब माफीचा अर्ज जोडावा. त्याच सुमारास दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा दाखल करून विक्रीला तूर्तातूर्त मनाई मागावी. फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, त्यामुळे नोंद झाली म्हणजे हिस्सा बुडाला असे समजून हातपाय गाळू नयेत. पुराव्यासाठी शाळा सोडल्याचे दाखले, जुनी शिधापत्रिका आणि लग्नपत्रिकाही उपयोगी पडते.

दाव्यात भावांना शपथेवर कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यावी लागेल. तेथे त्यांनी आपले नाते नाकारले तर तेच खोटे आता दिवाणी न्यायालयासमोर आले, आणि त्यासाठी कलम ३७९ चा अर्ज करण्यास कोणतीही तांत्रिक अडचण उरत नाही. नाते मान्य केले तर आधीचे प्रतिज्ञापत्र खोटे होते याची कबुली त्यांच्याच सहीने मिळते. माझ्या पाहण्यात बहुतेक भाऊ या वळणावर वाटप मान्य करतात. बहिणीचे नाव वंशावळीतून गाळणे याला गावात कोणी खोटे मानत नाही, ‘व्यवहार’ मानतात, आणि त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणारे शेजारीही निर्धास्त असतात. त्या शेजाऱ्यांनी खोटे माहीत असून पंचनाम्यात किंवा जबाबात तसे सांगितले असेल तर तेही याच कायद्याच्या कक्षेत येतात.

प्रश्न : शेताच्या बांधावरून भावबंदांशी दावा चालू आहे. गावातील वडीलधारे म्हणतात की, दोघांनी सप्तशृंगी गडावर जाऊन शपथ घ्यावी, जो घेईल त्याचे खरे. न्यायालय ती शपथ मान्य करील का? मी नकार दिला तर माझी बाजू खोटी ठरेल का? (एक शेतकरी, कळवण तालुका)

उत्तर : देवीवरील आपल्या आणि गावाच्या श्रद्धेबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो की, न्यायालय त्या शपथेवर दाव्याचा निकाल देणार नाही.

एके काळी मात्र असा मार्ग कायद्यातच होता. १८७३ च्या शपथ कायद्यानुसार एखादा पक्षकार आपल्या समाजात बंधनकारक मानल्या जाणाऱ्या विशेष शपथेवर साक्ष देण्याची तयारी दाखवू शकत असे, आणि समोरचा पक्षकार ‘त्याने अशी शपथ घेतली तर मला मान्य’ असे म्हणाल्यावर ती साक्ष त्याच्याविरुद्ध निर्णायक पुरावा ठरत असे. त्यालाही मर्यादा होत्या. शपथ न्यायबुद्धीला किंवा सभ्यतेला बाधक नसावी आणि तिचा रोख तिसऱ्या व्यक्तीवर नसावा, अशा त्या अटी होत्या. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावणे त्या काळीही कायद्याला मान्य नव्हते, आणि गावच्या बैठकीत आजही तसे करायला लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. १९६९ च्या शपथ अधिनियमाने हा सगळा भाग वगळला. आता साक्षीदाराने ईश्वराच्या नावाने शपथ घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, आणि सत्य, पूर्ण सत्य व सत्यावाचून काहीही सांगणार नाही असे म्हणावे, एवढाच नमुना आहे. त्यात कोणत्याही ग्रंथाचा उल्लेख नाही. गीतेवर हात ठेवलेला साक्षीदार चित्रपटात दिसतो, जुन्या आग्रा रस्त्यावरील आपल्या जिल्हा न्यायालयात दिसणार नाही. शपथ देण्यात काही चूक राहून गेली तरी साक्ष रद्द होत नाही आणि खरे सांगण्याचे बंधनही सुटत नाही, हेही त्या अधिनियमात स्पष्ट लिहिलेले आहे.

त्यामुळे गडावर न गेल्याने आपली बाजू दुबळी होत नाही. बांधाचा प्रश्न मोजणीने सुटतो. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून नकाशा दाव्यात दाखल करावा. उभय पक्षांना खरोखरच मिटवायचे असेल तर ठरलेल्या गोष्टी लिहून, दोघांच्या सह्यांनिशी तडजोड पुरसीस (तडजोडीचे लेखी निवेदन) न्यायालयात द्यावी म्हणजे तिचा हुकूमनामा होतो. शपथ नाकारली म्हणून कोणी आपणांस वाळीत टाकण्याची भाषा केली, तर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केलेला आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

प्रश्न : पोटगीच्या अर्जात माझ्या पतींनी शपथपत्रावर महिना अठरा हजार रुपये पगार दाखवला आहे. त्यांना गावाकडच्या बागेचे उत्पन्न आहे, एक गाळा भाड्याने दिलेला आहे, आणि गेल्या वर्षी त्यांनी चारचाकी घेतली. हे खोटे सिद्ध झाले तर पोटगी लगेच मिळेल का? (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : खोटे उघड होणे आणि पोटगी ठरणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, पण आपल्या प्रकरणात त्या एकमेकींना पूरक ठरतील.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात, जे आपल्याच राज्यातून तेथे गेले होते, पोटगीच्या प्रत्येक कामात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर शपथपत्र दाखल करणे बंधनकारक केले. शेतीवर अवलंबून असलेल्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. किती एकर, कोणते पीक, पाण्याची सोय, जनावरे, शेतीवरील कर्ज, असे तपशील त्यात द्यावे लागतात. आपल्या पतींनी केवळ पगाराची चिठ्ठी जोडून सही केली असेल तर प्रथम पूर्ण नमुन्यातील शपथपत्र मागावे. त्यातील माहिती वादग्रस्त असेल तर न्यायालयाच्या परवानगीने लेखी प्रश्नावली देता येते आणि कागदपत्रे हजर करण्याचा आदेश मागता येतो. बागेचा सातबारा आपणांस स्वतःलाही मिळेल. पिकाची नोंद, गाळ्याचा भाडेकरार, वाहनकर्जाच्या अर्जात बँकेला सांगितलेले उत्पन्न, बाजार समितीतील किंवा व्यापाऱ्याच्या पट्ट्या, असे कागद एकत्र आले की अठरा हजारांचे चित्र आपोआप पुसले जाते. कर्ज मागताना माणूस उत्पन्न भरघोस दाखवतो, म्हणून कर्जाच्या अर्जाची प्रत न्यायालयामार्फत अवश्य मागवावी.

त्याच निकालात खोट्या विधानाबद्दल जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४०, म्हणजे आताच्या कलम ३७९ प्रमाणे कारवाईचा विचार करावा असेही म्हटले आहे. तो अर्ज करावाच, परंतु त्याच्या निकालासाठी पोटगीचे काम थांबवून ठेवू नये. प्रत्यक्षात पुष्कळ वेळा असे होते की खोट्या शपथपत्राचा अर्ज दाखल होतो, त्यावर म्हणणे येते, प्रत्युत्तर येते, आणि मूळ अर्ज बाजूला पडून घरात चूल पेटण्याचीच पंचाईत होते. अंतरिम पोटगीचा निर्णय आधी मागावा. लपवालपवी दिसली तर न्यायालय प्रतिकूल अनुमान काढून उत्पन्न अंदाजाने ठरवू शकते, आणि तोच आपला तातडीचा लाभ आहे.

याबरोबर एक सूचना, जी काहींना आवडणार नाही. हे शपथपत्र आपल्यालाही द्यायचे आहे. शिकवणीचे, शिवणकामाचे किंवा नोकरीचे थोडे उत्पन्न असेल तर ते लिहावे. ‘काही नाही’ असे लिहून नंतर बँकेच्या पुस्तकात जमा दिसली तर पतींच्या खोट्याबद्दल बोलण्याचा आपला अधिकारच दुबळा होतो. न्याय्य मागणीसाठी खोटे बोलले तर चालते असा समज फार खोल रुजलेला आहे. आपल्या दंडसंहितेने १८६० सालीच, खोट्या पुराव्याच्या व्याख्येखाली, त्याचे पहिले उदाहरण दिले होते : ब चे य कडे हजार रुपये खरोखर येणे आहेत, त्या खऱ्या मागणीच्या पुष्ट्यर्थ अ शपथेवर खोटे सांगतो की य ने हे देणे माझ्यासमोर कबूल केले. मागणी खरी असूनही अ गुन्हेगार ठरतो.

प्रश्न : फौजदारी खटल्यातील आरोपी न्यायालयात उभा राहून सरळ खोटी उत्तरे देतो, त्याला ही शिक्षा का नाही? (एक विद्यार्थी, गंगापूर रोड)

उत्तर : कारण त्याला शपथ दिलेलीच नसते. पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला त्याच्याविरुद्धच्या पुराव्याबाबत जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे तो शपथेविना देतो, आणि उत्तर नाकारल्याबद्दल किंवा खोटे दिल्याबद्दल त्याला शिक्षा होत नाही, असे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ मध्ये आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, या संविधानाच्या अनुच्छेद २० मधील हमीशी हे सुसंगत आहे. तोच आरोपी स्वेच्छेने बचावाचा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात आला तर मात्र त्याला शपथ घ्यावी लागते, उलटतपासणी होते आणि खोटे बोलल्यास इतर कोणत्याही साक्षीदाराप्रमाणे तो जबाबदार ठरतो.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत झालेल्या मारहाणीत मी पोलिसांना जबाब दिला आणि नंतर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही सांगितले. आता साक्षीचे समन्स आले आहे. आरोपीकडील माणसे घरी येऊन ‘आठवत नाही एवढेच म्हणा’ असे सांगून गेली. माझी मुले याच गल्लीतून शाळेत जातात. मी फिरलो तर काय होईल, आणि नाही फिरलो तर काय? (एक वाचक, सिन्नर तालुका)

उत्तर : आपण हा प्रश्न लिहून विचारलात, यावरूनच आपल्याला खोटे बोलायचे नाही हे दिसते. आपली भीती क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही.

आपले दोन जबाब कायद्याच्या दृष्टीने सारखे नाहीत. पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब शपथेवर नसतो आणि त्यावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही, त्यामुळे त्यापेक्षा वेगळे सांगितले एवढ्यावरून खोट्या साक्षीचा गुन्हा सिद्ध होत नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खालील जबाब, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६४, हा शपथेवर असतो. त्याच्या उलट शपथेवर सांगितले तर एकाच माणसाची शपथेवरची दोन परस्परविरोधी विधाने समोर येतात, आणि त्यांतील नेमके कोणते खोटे हे सिद्ध झाले नाही तरी पर्यायी आरोप ठेवून शिक्षा देता येते. कायद्यातच तसे उदाहरण दिलेले आहे : दंडाधिकाऱ्यापुढे ‘ब ने क ला सोट्याने मारताना पाहिले’ आणि सत्र न्यायालयात ‘मारले नाही’ असे सांगणारा साक्षीदार. ‘आठवत नाही’ हे उत्तरही सुरक्षित नाही, कारण आठवत असून तसे म्हणणे हेही खोटेच आहे. शिवाय साक्षीदार फितूर जाहीर झाला म्हणजे त्याची सगळी साक्ष पुसली जाते असे नाही, विश्वासार्ह वाटणारा भाग न्यायालय घेऊ शकते. म्हणजे आपण फिरूनही आरोपी सुटेलच असे नाही. फिरण्याची जोखीम मात्र आपल्या एकट्याच्या माथी येईल.

साक्षीदार फिरले की काय होते हे गुजरातमधील २००२ च्या दंगलीत झालेल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यात देशाने पाहिले. साक्षीदार फिरले आणि २००३ मध्ये सर्व आरोपी सुटले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेरसुनावणीचा आदेश देऊन खटला महाराष्ट्रात, मुंबईला आणला, आणि २००६ मध्ये वारंवार जबाब बदलणाऱ्या मुख्य साक्षीदाराला न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक वर्षाची साधी कैद दिली व पन्नास हजार रुपये खर्चापोटी भरण्यास सांगितले. ती साक्षीदार स्वतः त्या अत्याचारात आपली माणसे गमावलेली होती. दबावाखाली फिरणाऱ्याला शिक्षा होते आणि दबाव आणणारे अनेकदा नामानिराळे राहतात, ही आपल्या व्यवस्थेतील मला सर्वांत सलणारी गोष्ट आहे.

म्हणून आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणे हा न्याय संहितेच्या कलम २३२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा आणि दखलपात्र गुन्हा आहे. येथे न्यायालयाच्या तक्रारीची वाट पाहावी लागत नाही, आपण पोलिसांकडे थेट जाऊ शकता. कोण, कोणत्या दिवशी, किती वाजता आले, काय शब्द बोलले, घरात आणखी कोण होते, हे आजच लिहून ठेवावे. फोन आले असतील तर नोंदी पुसू नयेत. यासोबत साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली अर्ज करावा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये या योजनेला मान्यता दिली. जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे हा अर्ज जातो आणि पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवून उपाय ठरतात : साक्षीच्या दिवशी पोलीस सोबत, घराभोवती गस्त, साक्षीदार आणि आरोपी समोरासमोर येणार नाहीत अशी व्यवस्था, दूरदृश्य पद्धतीने साक्ष. सरकारी वकिलांना साक्षीच्या तारखेपूर्वीच भेटून हे सांगावे, ऐन वेळी नव्हे. आरोपी जामिनावर असेल तर साक्षीदाराला धमकावणे हे जामीन रद्द होण्याचे कारण ठरते आणि तसा अर्ज सरकारी वकील करू शकतात.

साक्ष देताना जे पाहिले तेवढेच सांगावे. दोन वर्षांनी शर्टाचा रंग आठवत नसेल तर आठवत नाही म्हणावे, ते खरे आहे आणि त्याने काही बिघडत नाही. एखादा तपशील चुकला म्हणून सगळी साक्ष खोटी, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी स्वीकारलेले नाही.

प्रश्न : मी एका सहकारी संस्थेत काम करतो. संस्थेच्या दाव्यात वकिलांनी तयार केलेल्या साक्षीच्या शपथपत्रावर मी न वाचता सही केली. आता वाचले तर ‘माझ्यासमोर कर्जदाराने सही केली’ असे त्यात आहे. त्या दिवशी मी कामावर नव्हतो. उलटतपासणी पुढील महिन्यात आहे. (एक कर्मचारी, पंचवटी)

उत्तर : उलटतपासणीची वाट पाहू नये. २००२ च्या दुरुस्तीनंतर दिवाणी दाव्यात साक्षीदाराची सरतपासणी, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या पक्षातर्फे नोंदवली जाणारी मूळ साक्ष, शपथपत्रावरच होते, त्यामुळे त्या कागदातील प्रत्येक वाक्य आपण पिंजऱ्यात उभे राहून उच्चारल्यासारखेच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १९ नुसार शपथपत्रात स्वतःच्या माहितीने सिद्ध करता येतील अशाच गोष्टी असाव्या लागतात. मजकूर वकिलांनी लिहिला, ही सबब सही करणाऱ्याला वाचवत नाही.

गुन्ह्यासाठी खोटेपणाची जाणीव लागते, आणि न वाचता केलेली सही हा निष्काळजीपणा असला तरी आज आपली स्थिती अजून सावरण्याजोगी आहे. मजकूर वाचल्यानंतरही आपण गप्प राहून उलटतपासणीत तेच वाक्य खरे म्हणून सांगितले, तर जाणीव नव्हती हे म्हणण्याला जागा राहणार नाही, आणि आपली त्या दिवशीची रजा हजेरीपत्रकात नोंदलेली असणारच. संस्थेच्या वकिलांना लेखी कळवून दुरुस्तीचे शपथपत्र लवकरात लवकर दाखल करण्यास सांगावे आणि त्या पत्राची पोच आपल्याजवळ ठेवावी. ते टाळाटाळ करू लागले तर साक्षीसाठी उभे राहताच, पहिला प्रश्न येण्यापूर्वी, शपथपत्रातील अमुक परिच्छेद चुकीचा आहे असे न्यायाधीशांना स्वतः सांगावे आणि ते नोंदवून घेण्याची विनंती करावी. कर्जदाराची सही ज्याच्यासमोर झाली तो कर्मचारी संस्थेकडे असेलच, त्याची साक्ष नोंदवता येते. संस्थेने नोकरीचा धाक दाखवून तेच वाक्य कायम ठेवण्यास भाग पाडले, तर वर सिन्नरच्या वाचकांना सांगितलेले कलम २३२ येथे लागू होते का, हे त्या धमकीच्या नेमक्या शब्दांवर ठरेल. तसे घडल्यास स्वतःसाठी वेगळा वकील नेमावा, कारण या टप्प्यावर संस्थेचे हित आणि आपले हित एक राहत नाही.